पायथन की सी? आधी चुका बघा

इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन पक्की झाली की कॉलेज सुरू होईपर्यंत महिना-दीड महिना हातात असतो, आणि नागपुरात बर्डीवर ‘सी, सी++, जावा एकत्र’ शिकवणाऱ्या बॅचची चौकशी सुरू होते. प्रोग्रामिंगच्या तीन भाषा एका दमात शिकू नका. एकच घ्या, आणि ती निवडताना नवख्याच्या हातून होणाऱ्या चुका ती कशा दाखवते ते बघा.

सीमध्ये स्कॅनएफ (इनपुट घेणारं फंक्शन) लिहिताना चलाच्या आधीचं अँड-चिन्ह (&) राहिलं, तर प्रोग्राम बहुधा कंपाइल होतो, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरतो, आणि चालवल्यावर कोसळतो. का, ते कळायला मेमरीचा पत्ता म्हणजे काय हे ठाऊक हवं, आणि तो धडा येतो पॉइंटर्समध्ये, फार पुढे. पायथन चुकलेली ओळ आकड्यासकट सांगतो. संदेश वाचताना शेवटची ओळ आधी वाचायची. मुलं वरून सुरू करतात आणि घाबरतात.

पायथनही फसवतो. इनपुटमधून येतो तो मजकूर, संख्या नाही. कळमन्याच्या बाजारातल्या हिशेबात संत्र्याच्या १२ पेट्या आणि ८ पेट्या मिळवायला गेलात तर उत्तर १२८ येतं, तेही कुठलीही तक्रार न करता. इनपुटला इन्टमध्ये (मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळायची सवय पहिल्याच दिवशी लावा. दुसरा सापळा फाइलच्या नावाचा: कुठलाही आकडा निवडून देणारं रँडम मॉड्यूल वापरायचं आणि आपल्याच फाइलला ‘रँडम’ हेच नाव द्यायचं. मग पायथन तुमचीच फाइल उचलतो आणि मॉड्यूलमधलं रँडइन्ट फंक्शन सापडत नाही म्हणतो.

सॉफ्टवेअर म्हणून थॉनी पुरेसं आहे. त्याच्यासोबत पायथन येतोच, त्यामुळे पाथची, म्हणजे पायथन कुठे आहे ते कॉम्प्युटरला सांगायची, भानगड उरत नाही, आणि एकेक पायरी चालवत चलांच्या किमती बदलताना दिसतात. फक्त अँड्रॉइड मोबाइल असेल तर पायड्रॉइड हे अ‍ॅप चालेल, पण कंस आणि इंडेंटेशन (ओळीआधीची मोकळी जागा) टाइप करताना जीव जातो.

सीबीएसईच्या अकरावीला कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथनच आहे. त्या मुलांनी सरळ सी उघडावी. बाकीच्यांनी सहा आठवडे पायथन: अटी, लूप, फंक्शन, लिस्ट. पांडाज (डेटा हाताळायची लायब्ररी) आणि एआय आत्ता नको. जावाही नको, पब्लिक क्लासचं आणि फाइलचं नाव जुळलं नाही की पहिल्याच प्रोग्रामला अडतं.

नंतर सी, पण टर्बो सीमध्ये नको. कॉलेजच्या लॅबमध्ये तेच असेल तर प्रॅक्टिकलपुरतं वापरा. १९९०च्या आसपासचा तो डॉसवरचा कंपायलर, त्यात इन्ट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) १६ बिटांचा, म्हणजे कमाल ३२७६७. फॅक्टोरियलचा प्रोग्राम ७ ला ५०४० बरोबर देतो आणि ८ ला ४०३२० ऐवजी उणे २५२१६. मुलगा लूपमध्ये चूक शोधत बसतो, लूप मात्र ठीक असतं. घरी जीसीसी हा कंपायलर वापरला तर इन्टची मर्यादा मोठी असल्यामुळे १२ पर्यंत उत्तरं बरोबर येतात. १३ ला १९३२०५३५०४ येतं, आणि उणे चिन्ह नसल्यामुळे ते खरंच वाटतं. पायथनमध्ये तेच ६२२७०२०८०० येतं, कारण तिथे पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. दोन्हीकडे हा प्रोग्राम चालवून बघा. डेटा टाइप शिकवायला याहून चांगलं प्रॅक्टिकल नाही. जीसीसी चालवताना ‘डब्ल्यू-ऑल’ (-Wall) हा पर्याय नेहमी द्या, म्हणजे स्कॅनएफमधलं विसरलेलं चिन्हही तो आधीच दाखवेल.