बाबांची बंदूक जमा करताना

बाबा माजी सैनिक. निवृत्तीनंतर स्वतःच्या परवान्यावरची बारा बोअर घेऊन एका बँकेत सुरक्षारक्षक होते. नोकरी संपली, बंदूक मात्र भांडुपच्या घरात कपाटावरच राहिली. आई गेल्यावर त्यांना नैराश्याने गाठलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहिता लिहिता मला बजावलं, बंदूक आधी घराबाहेर काढा.

परवान्याच्या अर्जाला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. एवढ्या काळात माणूस किती बदलतो! आणि ते दिसतं फक्त घरच्यांना.

बाबा ऐकेनात. "बंदूक सोडायचा अर्ज दिला की वेडा म्हणून शिक्का बसेल," एवढंच. भीती अगदीच निराधार नव्हती. १९५९ च्या शस्त्र कायद्यात माणूस विकल मनाचा असणं हे परवाना नाकारण्याचं आणि रद्द करण्याचं कारण आहेच. पण २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की केवळ आजाराचं निदान झालं म्हणून माणूस विकल मनाचा ठरत नाही. ते न्यायालयाने ठरवायचं. शिवाय शस्त्र कायद्याच्या कलम १७ नुसार धारक स्वतःच अर्ज करून परवाना रद्द करून घेऊ शकतो. "स्वतःच" म्हटल्यावर बाबा नरमले. काढून घेणं वेगळं, ठेवून येणं वेगळं, हे फौजी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "आचारसंहिता कुठे लागलीय? आत्ता कशाला जमा करताय?" निवडणूक सोडून कुणी बंदूक आणून देतं, हे त्यांच्या पचनी पडेना. मी आजाराचं कारण सांगणार, तेवढ्यात बाबाच म्हणाले, "आता गरज नाही." अर्जातही तेच लिहिलं. एका वयस्कर हवालदारांनी मग बसायला खुर्ची दिली आणि काम सरकलं.

कुणाला करायचं असेल तर: बंदूक रिकामी करून पिशवीत न्या, परवानाधारक सोबत हवाच. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या तिथेच तपासा. मुंबईत परवाना पोलीस आयुक्त देतात, त्यामुळे रद्द करण्याचा अर्ज आयुक्तालयात, क्रॉफर्ड मार्केटला. आमचा अजून तिथेच आहे. बाबांच्या गोळ्या चालू आहेत, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांनी माझ्यादेखत फोनमध्ये साठवला, "सरकारी काम" या नावाने.