तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिएटिन घेऊ का?

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींचा सराव मी गेली काही वर्षं घेतोय आणि दर बॅचला कुणीतरी बाजूला येऊन हळू आवाजात विचारतंच, सर, क्रिएटिन, म्हणजे जिममध्ये ताकदीसाठी घेतात ती पावडर, घेऊ का? हळू आवाजात, कारण त्यांना वाटतं हे स्टिरॉइड आहे आणि घरी कळलं तर काही खरं नाही. तर आधी तेच सांगतो, हे स्टिरॉइड नाही, हार्मोन नाही, वाडा (WADA), म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, तिच्या बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीतही नाही. आपलं शरीर रोज साधारण १ ग्रॅम क्रिएटिन स्वतःच बनवतं, बाकीचं मटण-मासळीतून येतं आणि त्यातलं जवळजवळ ९५ टक्के स्नायूंमध्ये साठतं.

आता कामाचं. जीव तोडून पळताना स्नायूंतली तयार ऊर्जा, म्हणजे एटीपी, दोन-चार सेकंदात संपायला लागते, ती झटपट परत भरून द्यायचं काम हा साठा करतो, पण तोसुद्धा दहा-बारा सेकंदच पुरतो. म्हणून भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, डोळ्यासमोर आणा. पोरांना १०० मीटर १५ मार्कांची, गोळा १५ चा, आणि १६०० मीटर २० ची. पहिल्या दोघांना क्रिएटिनचा उपयोग आहे, तोही थेट नाही तर सरावातून, म्हणजे सहा स्प्रिंट मारायच्या तर पाचवी-सहावी ढेपाळत नाही, जिममध्ये एखाद-दोन रेप्स जास्त निघतात आणि महिना-दोन महिन्यांनी ती ताकद अंगात दिसते. १६०० मीटर मात्र पाच-साडेपाच मिनिटांची दमाची धाव, तिथे याचा फारसा हातभार नाही, उलट स्नायू पाणी धरून ठेवतात त्यामुळे सुरुवातीला किलो-दोन किलो वजन वाढू शकतं आणि ते वजन घेऊनच चार राउंड मारायचे असतात. म्हणून ग्राउंडला पंधरा दिवस राहिलेत आणि आता सुरू करू का म्हणणाऱ्याला मी सरळ नाही सांगतो.

किती घ्यायचं? ३ ते ५ ग्रॅम रोज, पाण्यात नाहीतर दुधात, वेळ कुठलीही. आठवडाभर रोज २० ग्रॅमचं लोडिंग करा असं जिममध्ये सांगतात, त्याने साठा लवकर भरतो एवढंच, रोज ३ ग्रॅम घेतलं तरी महिन्याभरात तिथेच पोचता, आणि पोटही बिघडत नाही. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे नेहमीचा जुना प्रकार, घ्या, महागड्या नव्या प्रकारांनी जास्त फायदा होतो असं कुठे सिद्ध झालेलं नाही. सुटी पावडर मात्र अजिबात नको, सीलबंद डबाच घ्या.

माळकरी घरातल्या पोरांना मी आवर्जून सांगतो की मांसाहार नसल्यामुळे तुमचा साठा मुळातच कमी असतो, त्यामुळे फरक तुम्हाला जास्त जाणवू शकतो.

आणि किडनी. हा प्रश्न पोरांपेक्षा त्यांच्या आया जास्त विचारतात आणि त्यांची काळजी मला पटते. माझ्याकडच्या एका मुलाच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे ज्यावरून किडनीचं काम बघतात तो आकडा, थोडं जास्त आलं, घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. क्रिएटिन वापरलं गेलं की त्याचंच क्रिएटिनिन होतं, त्यामुळे पावडर घेणाऱ्याचा आकडा किडनी ठणठणीत असतानाही थोडा वर जाऊ शकतो. डॉक्टरांना त्याने पावडरचं सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी सिस्टॅटिन सी नावाची किडनीची वेगळी टेस्ट करायला लावली, ती नॉर्मल आली. निरोगी माणसात ३ ते ५ ग्रॅमने किडनी खराब होते असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पण आधीच किडनीचा त्रास असेल, बीपी किंवा शुगर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नका. आणि घेत असाल तर रक्त द्यायला जाताना तसं सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.