‘ह्यात पैसं जात्यात गुरुजी’

माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सातवीला गणित शिकवतो. २०२२ साली शाळा भरल्यावरच्या पालकसभेत मी पुस्तकातला क्यूआर कोड दाखवायला घेतला. मोबाइल वर करून म्हटलं, ‘‘ह्यानं स्कॅन करायचं.’’ मागून एक बापू उठले. आठवडी बाजारात भाजी विकतात.

‘‘नको गुरुजी. ह्यात पैसं जात्यात.’’

काहीजण हसले. बापू हसले नाहीत. ‘पैसे पाठवतो, फक्त स्कॅन करा’ असं फोनवर सांगून कोणीतरी त्यांच्याच खात्यातून रक्कम काढली होती. तेव्हापासून काळा-पांढरा चौकोन दिसला की ते फोन खिशात टाकत. मला त्यांचं म्हणणं मुळीच अडाणीपणाचं वाटलं नाही. उलट, डोळे झाकून स्कॅन करणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

बालभारतीच्या पुस्तकात पहिल्या पानावर एक कोड असतो, त्याने डिजिटल पुस्तक मिळतं. पाठापाठांत वेगळे कोड असतात, ते त्या त्या पाठाच्या व्हिडिओंकडे नेतात. हे सगळं ‘दीक्षा’वर, म्हणजे केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या मंचावर. कागदावरचा कोड एकदा छापला की तोच राहतो, पण त्यामागचं साहित्य बदलता येतं, नवं जोडता येतं. हे मी प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं बापूंना ऐकवलं असतं, तर ते चहा न घेताच घरी गेले असते.

मग कोडाखालची बारीक अक्षरं आठवली. इंग्रजी अक्षरं-आकडे मिळून सहा. स्कॅन न करता तीच ‘दीक्षा’च्या ॲपमध्ये टाइप केली तरी पाठ उघडतो.

‘‘स्कॅन नका करू. हे लिहा फक्त.’’

‘‘नाव-नंबर मागंल का?’’

‘‘लॉगिन न करताही बघता येतं.’’

बापूंच्याच फोनवर ॲप घेतलं. बोर्ड, माध्यम, इयत्ता निवडली. त्यांची मुलगी एकेक अक्षर वाचत होती, बापू अंगठ्याने दाबत होते. एक चुकलं, पुसलं, परत दाबलं. ‘भौमितिक रचना’ उघडलं. व्हिडिओ सुरू होताच त्यांनी आधी खात्यातली शिल्लक तपासली, मग व्हिडिओ बघितला. कंपासने कोन दुभागताना पाहून म्हणाले, ‘‘आमच्या येळंला मास्तर फळ्यावर काढायचे, मागं बसलेल्याला दिसायचंच न्हाई.’’

घरी रेंज नाही म्हणाले, म्हणून तो पाठ शाळेतच डाउनलोड करून दिला. नंतर नेटशिवाय चालतो. खरं तर आमच्याकडे निम्म्या घरांचं अडतं ते इथेच, चौकोनाशी नाही. शिवाय फोन असतो बापाच्या खिशात आणि बाप असतो बाजारात.

पुढच्या आठवड्यात मुलीने सांगितलं, विज्ञानाच्या पाठांचे कोडही बापूंनीच टाइप करून दिले. स्कॅन मात्र अजून करू देत नाहीत.