सहा प्रश्नचिन्हं

चर्नी रोडला उतरलो तेव्हा साडेदहा झाले होते. पाठीवर लॅपटॉप, खिशात पेनड्राइव्ह आणि त्यात एकच फाइल. गिरगावातल्या एका छापखान्याचे १७ वर्षांचे दिवाळी अंक जुन्या फाँटमध्ये अडकून पडले होते. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फाँट नसला की लेखाऐवजी नुसता कचरा दिसतो. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले संकेत देणाऱ्या पद्धतीत, आणणारा प्रोग्राम मी सी प्लस प्लसमध्ये लिहिला होता. माझं सगळं काम उबंटू या लिनक्सवर चालतं, त्यामुळे विंडोजची इएक्सई (थेट चालणारी प्रोग्राम फाइल) सुद्धा तिथूनच, मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ या विंडोजसाठी प्रोग्राम बनवणाऱ्या साधनसंचातल्या जीसीसी कंपायलरने बिल्ड केली होती.

छापखान्यात डीटीपी करणाऱ्या ताईंचं मशीन विंडोज ७ चं. त्यांचं जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं, म्हणून ते बदललेलं नाही. प्रोग्राम सुरू केला, तर एक डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणारी सामायिक कोडची फाइल, मिळत नाही असा निरोप आला. जीसीसी आपल्या लायब्ररीच्या डीएलएल वेगळ्या ठेवतो आणि त्या ग्राहकाच्या मशीनवर नसतात. लॅपटॉप उघडून स्टॅटिकचा पर्याय दिला, सगळं एकाच इएक्सईत बांधलं. दहा मिनिटांत हे मिटलं.

खरा प्रश्न नंतर आला. कमांड प्रॉम्प्टमध्ये टॅब दाबून ताईंच्या फाइलचं नाव भरलं. काळ्या खिडकीत देवनागरीऐवजी चौकोन दिसत होते, पण ते फक्त दिसण्यापुरतं. आत नाव शाबूत असतं. एंटर दाबलं. फाइल सापडत नाही. एक्सप्लोररमध्ये तर ती समोर होती: डी ड्राइव्हवर ‘दिवाळी’ नावाचा फोल्डर, त्यात ‘लेख’.

“फोल्डरची नावं इंग्रजी करून देऊ का?” ताईंनी विचारलं. “एका दिवसात होईल.”

मी नको म्हटलं. मराठी मजकूर वाचवायला आलेल्या प्रोग्रामने आधी मराठी नावं पुसायला लावावीत, हे मला पटेना.

प्रोग्रामच्या हाती नेमकं काय पडतंय ते छापून पाहिलं. ड्राइव्हचं अक्षर, सहा प्रश्नचिन्हं, तिरकी रेघ, मग तीन प्रश्नचिन्हं. मी ती बोटाने मोजली. ‘दिवाळी’ आपण तीन अक्षरं म्हणतो, पण युनिकोडमध्ये द, ऱ्हस्व इकार, व, काना, ळ, दीर्घ इकार असे सहा संकेत होतात. ‘लेख’चे तीन. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणजे त्या बाइटांची मोडतोड झाली असती तर १८ चिन्हं दिसली असती. सहाच होती. विंडोजने नाव नीट, यूटीएफ-१६ या युनिकोडच्याच दुसऱ्या पद्धतीत ठेवलं होतं; माझ्या मेन फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या भागाच्या, हाती देताना ते १२५२ या पश्चिम युरोपीय कोडपेजमध्ये (ठरावीक अक्षरांच्या जुन्या तक्त्यात) उतरवलं आणि न बसणाऱ्या प्रत्येक संकेताजागी प्रश्नचिन्ह ठेवलं. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, तेव्हा अशी फाइल सापडणार कुठून?

लिनक्सवर हे कधी दिसलं नाही, कारण तिथे फाइलचं नाव म्हणजे बाइटांची माळ, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तिला हात लावत नाही. सिग्विन, म्हणजे विंडोजवर युनिक्ससारखं वातावरण देणारं साधन, वापरलं असतं तर त्याच्या डीएलएलने मधे दुभाष्याचं काम केलं असतं. मिंगडब्ल्यूत दुभाषा नाही. कंपायलर युनिक्सच्या वळणाचा, पण तयार झालेला प्रोग्राम थेट विंडोजशी बोलतो आणि विंडोजचे नियम जसेच्या तसे पाळतो. माझ्या चाचणीच्या विंडोज मशीनवर सगळ्या फोल्डरांची नावं रोमनमध्ये होती. ती चूक माझी.

सिस्टिमचं कोडपेज बदलूनही भागलं नसतं. जपानीला ९३२ आहे, थाईला ८७४ आहे; देवनागरीसाठी तसं लावता येईल असं कोडपेज विंडोजने दिलेलंच नाही, आपली लिपी तिथे थेट युनिकोडमधूनच आली. इएक्सईच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे तिच्या माहितीपत्रात, यूटीएफ-८ मागता येतं, पण ते विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून. हे मशीन विंडोज ७ चं.

एकच वाट उरली. मेनच्या जागी डब्ल्यूमेन, फाइल उघडायला डब्ल्यूएफओपन; ही दोन्ही फंक्शनं नाव यूटीएफ-१६ मध्येच घेतात. बिल्ड केलं तर प्रोग्रामचे तुकडे जोडणारा लिंकर म्हणाला, विनमेन (विंडोज प्रोग्रामचं सुरुवातीचं दुसरं फंक्शन) सापडत नाही. म्हणजे डब्ल्यूमेनपासून सुरू करायला सांगणारा एम-युनिकोडचा पर्याय द्यायचा राहिला. तो दिला, तर आता डब्ल्यूमेनच सापडेना, आणि ते तर समोर लिहिलेलं! इथे माझी पंधरा मिनिटं गेली. सी प्लस प्लस कंपायलर फंक्शनच्या नावाला आपली शेपटी जोडतो, आणि मिंगडब्ल्यूचा सुरुवातीचा कोड साधं सीचं नाव शोधतो. डब्ल्यूमेनच्या आधी एक्स्टर्न सी (नाव सीसारखं साधंच ठेव) लिहिलं आणि इएक्सई तयार झाली.

पेनड्राइव्ह पुन्हा ताईंच्या मशीनला लावला. तीच कमांड, तेच चौकोन, एंटर. ‘लेख’ उघडला आणि शेजारी नवी फाइल तयार झाली. ताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिला परिच्छेद मोठ्याने वाचायला घेतला. तिसऱ्या ओळीवर त्या थांबल्या.

“हा रफार बघा. पुढच्या अक्षरावर गेलाय.”

खरंच गेला होता. जुन्या फाँटात रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये त्याचा र् अक्षराच्या आधी लागतो. जोडाक्षर आलं की माझा नियम चुकत होता. मी वही काढली. ताई पुढे वाचत गेल्या आणि मी चुकलेले शब्द एकाखाली एक लिहून घेऊ लागलो.