घुंऽऽ कुठून येतं ते शोधताना

सिनेमे बघायला टीव्हीखालच्या कपाटात कॉम्प्युटर ठेवला तेव्हा मी काळजी घेतली ती एकच. समोरचा निळा दिवा अंधारात डोळ्यांत जायचा, म्हणून त्याच्यावर काळी टेप चिकटवली. आवाजाचा विचार डोक्यातही आला नव्हता. पडद्यावर मारामारी चालू असेपर्यंत तो जाणवलाही नाही. पण दोन माणसं नुसती एकमेकांकडे बघत बसली, की खालून ‘घुंऽऽ’ ऐकू यायचं. बाबा म्हणायचे, “अगं, तुझा भुंगा जागा झाला बघ.”

मी आधी फॅनला दोष दिला. मोठा, सावकाश फिरणारा फॅन आणून बसवला. भुंगा तसाच. मग मशीन बंद करून हार्ड डिस्कची पॉवर केबल काढली आणि पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं. खोली एकदम शांत! ही तपासणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती, फुकट होती. पण नवीन वस्तू आणून बसवण्यात काहीतरी केल्याचं समाधान असतं ना.

खरी गंमत पुढे झाली. तीच डिस्क कॅबिनेटच्या बाहेर काढून घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवली आणि चालू केली, तर कान जवळ नेल्याशिवाय काही ऐकू येईना. बंद करून ती कपाटाच्या फळीवर ठेवली, पुन्हा चालू केली, आणि अख्खं कपाट गुणगुणायला लागलं. डिस्क ७२०० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. त्यामुळे १२० हर्ट्झचं एक बारीक कंपन तिच्यातून सतत निघत असतं. ते स्क्रूमधून पत्र्यात उतरतं, पत्र्यातून कॅबिनेटच्या पायांत, पायांतून फळीत. तंबोऱ्याची तार नुसती ताणून छेडली तर कितीशी ऐकू येते? आवाज भोपळ्याचा. मी डेटाशीटमधले, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातले, डेसिबलचे आकडे ताडून बघत बसले होते, आणि ते आकडे नुसत्या तारेचे होते. माझ्या कपाटाचा भोपळा त्यांत धरलेला नव्हता.

मग शिवणाच्या डब्यातलं रुंद इलॅस्टिक काढलं. कॅबिनेटमधल्या डीव्हीडी ड्राइव्हच्या रिकाम्या जागेत त्याचे चार फेरे ताणून बांधले आणि डिस्क त्यांत झोळीतल्या बाळासारखी आडवी ठेवली, पत्र्याला कुठेही न टेकता. घुंऽऽ गेलं. इतका बिनखर्चाचा आणि इतका परिणामकारक उपाय मला नंतर एकही सापडला नाही.

पण हावरटपणा नडला. डिस्कवरचा डेटा वाचणारं हेड इकडून तिकडे जाताना होणारी बारीक खडखड अजून ऐकू यायची, म्हणून डिस्कभोवती फोम गुंडाळला. खडखड दबली, पण डिस्कला हवाच मिळेना. स्क्रू नसल्यामुळे पत्र्यातून उष्णता बाहेर जायची वाट आधीच बंद झाली होती, त्यात हा फोम. एक सिनेमा संपेपर्यंत तापमान ४१ अंशांवरून ५६ वर गेलं. त्या डिस्कची मर्यादा ६० होती. त्याच रात्री फोम काढून टाकला. जुन्या डिस्कमध्ये हेडची हालचाल मवाळ करायची सोय असायची, १२८ म्हणजे सगळ्यांत शांत आणि २५४ म्हणजे सगळ्यांत चपळ. माझ्या डिस्कने ती आज्ञा सरळ नाकारली. आणि दोनेक महिन्यांनी भुंगा परत आला. झाकण उघडून बघते तर इलॅस्टिक सैल पडून डिस्कचा एक कोपरा खालच्या पत्र्याला टेकलेला.

दर दोन महिन्यांनी नाडी बदलणारी मी नव्हे. घरात अडीच इंची पोर्टेबल डिस्क पडून होती. ती ५४०० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला ९० फेरे, आणि वजनानेही हलकी. ती खरोखरच शांत होती. पण तिच्यावर सिनेमे भरायला घेतले तेव्हा पहिले काही जीबी झरझर गेले आणि मग बैलगाडी सुरू झाली. अशा बऱ्याच डिस्कमध्ये ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या पट्ट्या, कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची कौलं उचलून पुन्हा बसवावी लागतात. वाचताना काही त्रास नाही, त्यामुळे एकदा भरून नुसतं बघत राहायचं असेल तर ही डिस्क उत्तम. पण माझा पसारा तिच्यात मावणारा नव्हता.

एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क. तिचा विचार मी इतके दिवस टाळत होते, कारण डोक्यात वेगाचे आकडे बसले होते. एकदा कागदावर हिशेब मांडला. फोर-के ब्लू-रे सेकंदाला जास्तीत जास्त १२८ मेगाबिटने चालते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १६ एमबी. साध्या ब्लू-रेला ५४ मेगाबिट पुरतात. साध्यातली साधी, साटा या जुन्या जोडणीची एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या वर वाचते. म्हणजे वेगासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थच नव्हता, प्रश्न फक्त जागेचा होता. एक सिनेमा ६० जीबीचा धरला तर २ टीबीमध्ये तीसेक बसतात. माझ्याकडे त्याच्या कितीतरी पट होते.

तेव्हा कुठे नीट प्रश्न पडला: यातलं या खोलीत खरं म्हणजे काय लागतं? सिस्टम, सिनेमांच्या लायब्ररीचा डेटाबेस, पोस्टर आणि या महिन्यात बघायचे दहा-वीस सिनेमे. बाकी सगळं भिंतीपलीकडे हवं तेवढं घरघरत बसलं तरी चालेल. म्हणून इथे एक क्यूएलसी प्रकारची, म्हणजे एकेका कप्प्यात चार-चार बिट कोंबणारी एसएसडी घेतली. मोठी फाइल भरताना कॅश, म्हणजे आधी झटपट लिहून घ्यायची तात्पुरती जागा, संपली की तिचा वेग पडतो म्हणून लोक तिला नावं ठेवतात, पण एकदा लिहून पुन्हा पुन्हा वाचायच्या कामाला तिची काहीच अडचण नाही. मोठ्या डिस्क जुन्या कॉम्प्युटरमध्ये घालून तो घराच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत ठेवला आणि मध्ये नेटवर्कची केबल ओढली.

पहिल्या संध्याकाळी साधे सिनेमे सुरळीत चालले. फोर-के मात्र धूर, पाऊस, गर्दी असं काही आलं की अडखळायचा. डिस्क, प्लेअर, सेटिंग सगळं तपासून झालं. शेवटी दिसलं की जोडणी गिगाबिटऐवजी, म्हणजे १००० मेगाबिटऐवजी, १०० मेगाबिटवर झाली आहे. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, आणि मी स्वतः बसवलेल्या कनेक्टरमध्ये तपकिरी तार आत पोचलीच नव्हती. सिनेमाची मागणी १२८ पर्यंत जाणार आणि रस्ता १०० चा, मग अडखळणारच. टोक कापून नवीन कनेक्टर लावला.

पलीकडच्या डिस्कला काम नसताना तिने फिरणं थांबवून झोपावं म्हणून एचडीपार्म या डिस्कची सेटिंग बदलायच्या प्रोग्रॅममध्ये ६० हा आकडा टाकला. मला वाटलं साठ मिनिटं. तिथे २४० पर्यंतचा प्रत्येक आकडा पाच सेकंदांचा असतो, म्हणजे मी दिली होती फक्त पाच मिनिटं! सिनेमा थांबवून फोनवर बोलून यावं, तर डिस्क झोपलेली. परत चालू केलं की चित्र आठ-दहा सेकंद गोठायचं. वर दिवसभरात कितीदा झोपायची नि उठायची, हे स्टार्ट-स्टॉपच्या वाढत्या आकड्यावरून कळत होतं. २४१ पासून पुढे हिशेब अर्ध्या तासाचा होतो. आता २४२ आहे, म्हणजे एक तास. नवीन सिनेमे शोधणारी लायब्ररीची तपासणीही दिवसातून एकदाच ठेवली, नाहीतर ती दर तासाला सगळ्या डिस्कना उठवायची.

आता बैठकीच्या खोलीत खरंच काही ऐकू येत नाही. परवा पलीकडून तीन सिनेमे एसएसडीवर कॉपी करायला लावून मी आत गेले. परत आले तर मशीन बंद. बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते.

“हे कोणी बंद केलं?”

“बंदच होतं की. भिंतीवरचा स्विच उगाच चालू राहिला होता, तो मी बंद केला.”

आवाज नाही, दिवा नाही. कसं कळणार त्यांना? अर्धवट राहिलेली फाइल पुसून पुन्हा कॉपीला लावली, आणि निळ्या दिव्यावरची टेप नखाने अर्धी सोलून काढली.