मालकही मीच, कंपनीही मीच

स्वतःच बांधलेलं विमान उतरवत होतो. टेकता टेकता बाजूचा वारा लागला, विमान गरकन फिरलं, डावीकडचं चाक मोडलं आणि पंख मुरमात घासला. मला खरचटलंही नाही. माझ्या विमानासारख्या शेपटाला चाक असलेल्या विमानात वजनाचा मध्य पुढच्या दोन चाकांच्या मागे असतो, त्यामुळे तोंड एकदा वळलं की मागचं वजन त्याला आणखी वळवतं. कळवाकळवी, पाहणी, टेम्पोत घालून आणणं, सगळं पार पडलं. अडलं ते फोर्टातल्या विमा ऑफिसात.

क्लेमच्या यादीत एक ओळ होती: ‘निर्मात्या कंपनीचं दुरुस्तीचं कोटेशन, लेटरहेडवर’.

“साहेब, विमान मीच बांधलंय.”

“बरोबर, पण कंपनी कोणती?”

“कंपनी नाही. मी.”

“मग मालक?”

“तोही मीच.”

“असं कसं? तुम्हीच खर्च सांगणार आणि तुम्हीच पैसे घेणार?”

शंका अगदीच चुकीची नव्हती, म्हणून तर जास्त राग आला. चारकोपच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचं उदाहरण दिलं, त्यांच्या विमानाला २०१७ मध्ये नोंदणी मिळाली तेही सांगितलं. “हो हो, पेपरात वाचलंय,” म्हणाले आणि फाइल पुन्हा माझ्याकडे सरकवली. पुढच्या खेपेला टेबलावर दुसरेच गृहस्थ, त्यांना पहिल्यापासून सगळं सांगा. मधल्या काळात नुकसान मोजणारा सर्व्हेअर येऊन पाहून गेला होता, पण कोटेशनशिवाय त्याचा रिपोर्ट पुढे हलेना. चर्चगेटहून परत जाताना लोकलमध्ये मी मनातल्या मनात कितीतरी भांडणं जिंकली.

सुटका झाली ती नोंदणी प्रमाणपत्रामुळे. त्यावर निर्माता आणि मालक असे वेगळे रकाने असतात. माझ्या प्रमाणपत्रावर दोन्हीकडे माझंच नाव. ते वरच्या अधिकारी बाईंपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “मग निर्माता म्हणून तुम्हीच लिहून द्या ना.” एवढंच! लेटरहेड छापलं, रबरी शिक्का करून घेतला, स्वतःलाच ‘महोदय’ म्हणून कोटेशन पाठवलं. शिक्का मारताना भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. शिवाय प्रत्येक भागाला बाहेरच्या दुकानाचं बिल जोडलं, म्हणजे आकडे माझ्या मनचे नाहीत हे दिसतं.

बांधकामाची वही आणि तारखांसह फोटो जपून ठेवा; सर्व्हेअरने आधी तेच मागितले. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: अपघातानंतर विमान हलवण्याची घाई करू नका. विमान अपघात चौकशीच्या २०१७ च्या नियमांनुसार चोवीस तासांच्या आत कळवावं लागतं, आणि माणूस अडकला असेल किंवा आगीचा धोका असेल अशी कारणं सोडली तर परवानगीशिवाय हलवता येत नाही.

प्रोपेलर जमिनीला लागला असेल, तर इंजिन नंतर छान चालू झालं तरी ते उघडून तपासावं लागतं, कारण झटका क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत, गेलेला असू शकतो. तो खर्च पहिल्याच कोटेशनमध्ये घाला. नंतर वाढवायला गेलात तर पुन्हा तेच टेबल.