कोंबडा बदलायच्या आधी

मशीनमध्ये घातलेली अंडी सातव्या दिवशी अंधारात उजेडावर धरली आणि त्यातली बरीचशी क्लिअर, म्हणजे आत काहीच न दिसणारी कोरी, निघाली, की समोरचा माणूस ठरलेलं वाक्य बोलतो. "ताई, कोंबडा बदलतो आता."

मी विट्याजवळ गावरान अंडी उबवून द्यायचं काम करते. हे वाक्य ऐकून ऐकून आता मी मान डोलावणंही सोडलंय. माणसांत पोर होईना की सगळं गाव बाईकडे बोट दाखवतं. कोंबड्यांत मात्र खापर नराच्या माथी. तेही आंधळेपणानेच, कारण दहा-बारा कोंबड्यांच्या खुराड्यात कुठलं अंडं कुणाचं हेच माहीत नसतं. कोंबडा एकटा असतो, डोळ्यांत भरतो, मंगळवारच्या बाजारात विकला जातो. नवा येतो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

कधीकधी दोष कोंबड्याचा असतोही, नाही कोण म्हणतंय! पण आधी बघा तरी. आणि बघायचं तर मशीनमधून बाद काढलेलं अंडं नको. त्यातली काही बीज धरलेली असतात, पहिल्या दोन-तीन दिवसांत आतला जीव गेलेला असतो, आणि उजेडावर ती कोऱ्या अंड्यासारखीच दिसतात. तो दोष अंडी साठवण्याचा, उन्हाचा, मशीनच्या तापमानाचा असू शकतो. ताजं, न उबवलेलं अंडं बशीत अलगद फोडा. बलक फिरवला की त्यावर पांढरा ठिपका सापडतो. कोऱ्या अंड्यातला ठिपका लहान, गच्च पांढरा आणि कडेने वेडावाकडा, कुरतडल्यासारखा. फलित अंड्यात तो चांगला गोल असतो, चार-पाच मिलिमीटरचा, मध्ये जरा पातळ आणि भोवती पांढरं कडं. अंडं घातलं जातं तोवर आत हजारो पेशी झालेल्या असतात, त्यांचं ते कडं. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की पुन्हा कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या सासूबाईंना चष्म्याशिवाय कळतं.

आता कोंबडीच्या पोटातली गोष्ट. अंडनलिकेत गर्भाशय आणि योनी जिथे मिळतात, तिथल्या अस्तराच्या घड्यांत अगदी सूक्ष्म, एका तोंडाने बंद अशा नळ्या असतात. कोंबड्याकडून आलेल्या शुक्राणूंपैकी शंभरात एकसुद्धा तिथवर पोचत नाही, बाकीचे कोंबडी बाहेर टाकून देते. जे पोचतात ते मात्र हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवात हळद राहायची तसे टिकून राहतात, आणि थोडेथोडे वर सोडले जातात. अंडं घातल्यावर साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो, अंडनलिकेच्या वरच्या नरसाळ्यात पाव तासभर असतो, आणि जे काही व्हायचं ते तेवढ्यात. पुढे त्याच्यावर पांढऱ्याचे थर चढले की शुक्राणूला आत वाट नाही. म्हणून साठा हवा आणि तो रोज थोडा वर यायला हवा. एकदाच नर लागलेली कोंबडी दोन आठवडे, कधी तिसऱ्या आठवड्यातही, फलित अंडी देते ती या साठ्यावर. टर्कीची मादी तर याहून कितीतरी जास्त दिवस काढते.

आणि हे सगळ्या कोंबड्यांत सारखं नसतं. एकाच खुराड्यातली एक आठवड्यातच कोरी अंडी द्यायला लागते, दुसरी पंधरवडा ओलांडते. माझं म्हणणं एवढंच आहे: पैदाशीसाठी कोंबडी निवडायची तर ती किती अंडी देते याच्या शेजारी, नर दूर झाल्यावर ती किती दिवस फलित अंडी देते हा आकडाही लिहिला पाहिजे. अंडी मोजणारे पुष्कळ, हा आकडा लिहिणारा मला अजून भेटायचाय.

करायला अवघड नाही. कोंबड्यांच्या पायात नंबराची कडी घाला, चार-पाच दिवस नराबरोबर राहू द्या, मग त्याला बाहेर काढा आणि प्रत्येकीला अंडं घालायला वेगळी जागा करा. अंड्यावर पेन्सिलीने नंबर आणि तारीख. (पेन नको, स्केचपेन तर नकोच.) नर काढल्यापासून शेवटचं फलित अंडं कितव्या दिवशी मिळालं, आणि तोवर एकूण फलित किती, हे दोन्ही लिहा. नुसते दिवस धरले तर आठवड्याला दोन अंडी देणारीही वर जाते.

अडचण एक राहते. नराला एखादी जास्त आवडते, एखादी त्याला जवळ येऊ देत नाही. म्हणून संशोधक हे मोजताना अनेक नरांचं वीर्य एकत्र करतात आणि प्रत्येक मादीला सारख्याच मापाने कृत्रिम रेतन करतात, तेही दुपारनंतर, कारण सकाळी बहुतेकींचं अंडं वाटेत असतं. मग जो फरक उरतो तो मादीचा. तैवानमध्ये बदकांवर हेच केलंय. तिथे ब्राउन त्सैया जातीच्या माद्यांना मस्कोव्ही नराचं वीर्य देऊन संकरित बदकं काढतात. दोन वेगळ्या प्रजाती, त्यामुळे फलन मुळात कमी दिवस टिकायचं. १९९२ पासून त्यांनी एका रेतनानंतर जास्त फलित अंडी देणाऱ्या माद्या पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या, आणि फलनाचे दिवस वाढले. म्हणजे हा गुण आईकडून लेकीकडे जातो. नुसता नशिबाचा भाग नाही.

अंड्यात याहून बारीक खूणही असते. पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने ती मला दाखवली होती. तिने बलकावरच्या ठिपक्याभोवतीचं आवरण कात्रीने गोल कापलं, मिठाच्या पाण्यात हलवून हलवून बलक धुऊन काढला. उरला तो कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ तुकडा. काचपट्टीवर पसरून, फॉर्मॅलिन लावून, वर शिफचा रंग टाकला. आवरण गुलाबी झालं, आणि सूक्ष्मदर्शकात त्या गुलाबीवर पांढरी गोल भोकं दिसली. प्रत्येक भोक एकेका शुक्राणूने आत शिरताना पाडलेलं! पक्ष्यांत एकाहून जास्त आत गेले तरी बिघडत नाही, म्हणून भोकं पुष्कळ असू शकतात. साठा भरलेल्या कोंबडीच्या अंड्यावर दाटी, साठा सरत आला की तुरळक. अंडी कोरी व्हायला लागायच्या आधीच भोकं कमी झालेली दिसतात, हे मला भारी वाटलं. मी डोळा काढायलाच तयार नव्हते, शेवटी तिने चहाला हाक मारली.

मग नळ्यांत शुक्राणू टिकतात कशाने? शरीर परक्या पेशीला मारायलाच बसलेलं असतं, तरी इथे मारत नाही. प्रतिकारशक्तीला आवर घालणारी टीजीएफ-बीटा नावाची प्रथिनं त्या भागात सापडली आहेत. टर्कीत त्याच नळ्यांच्या आसपास अ‍ॅव्हिडिन सापडलं, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यात असतं तेच प्रथिन. यातून उद्या रक्ताच्या थेंबावर चांगली कोंबडी ओळखता आली तर मी रांगेत पहिली. कोंबडीचा जनुकसंच २००४ मध्येच प्रसिद्ध झाला, पाळीव जनावरांत पहिला, आणि मोठ्या पैदास कंपन्या जनुकीय खुणांवर निवड करतात. पण त्या खुणा त्यांच्या कळपांवर पारखलेल्या. आपल्या परसातल्या मिसळीच्या कोंबडीला त्या जशाच्या तशा लागू पडतील असं धरू नये.

शिवाय खूण कशाची, तेही बघावं लागतं. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक कोंबडीला खुडूक करतं. त्याच्या जनुकाच्या चालू-बंद करणाऱ्या भागात डीएनएच्या २४ अक्षरांचा एक जादा तुकडा काही कोंबड्यांत असतो. व्हाइट लेगहॉर्नमध्ये तो भरपूर आढळतो आणि जास्त अंड्यांशी त्याचा संबंध जोडला गेलाय. अंड्यांचा धंदा करणाऱ्याला ही सोन्यासारखी खूण. पण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका वर्षातून दोनदा कोंबडी खुडूक बसावी म्हणूनच ती पाळतात. त्यांना ही कोंबडी दिली तर त्या मला दारात उभं करणार नाहीत.

जुन्या खुणा मात्र फुकटात आहेत. पिवळ्या पायांची कोंबडी अंड्यावर आली की पिवळेपणा बलकात जातो आणि अंगावरून उतरतो: आधी गुदद्वार, मग डोळ्याचं कडं, चोच, शेवटी पायाच्या नळ्या. पायसुद्धा पांढुरके पडलेली कोंबडी बरेच महिने अंड्यावर आहे हे खुशाल समजावं. कडकनाथवर हे चालत नाही, तिथे सगळंच काळं. गंमत अशी की पाळीव कोंबडीला हा पिवळा रंग देणारं जनुक राखाडी रानकोंबड्याकडून आलंय, म्हणजे सह्याद्रीत आपल्याकडे आरवतो त्याच जातीकडून. पण लक्षात ठेवा, ही खूण अंड्यांच्या संख्येची. बीज धरण्याबद्दल ती काही सांगत नाही.

आणि एक खूण नराच्या डोक्यावरच असते. इंग्रजीत ज्याला 'रोज कोंब' (rose comb) म्हणतात तो, म्हणजे सपाट, दाणेदार, मागे टोक असलेला तुरा. बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवलं ते याच तुऱ्यावरून. असे नर आईबाप दोघांकडून तो तुरा घेऊन आले तर फलन कमी, हे पाळणाऱ्यांना केव्हाचं माहीत होतं. कारण २०१२ मध्ये कळलं: सातव्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा बसलाय, आणि उलटताना शुक्राणूंच्या हालचालीला लागणारं एक जनुक तुटलंय. तुरा एकाच बाजूने आला असेल तर नर चांगला. त्यामुळे हौसेखातर सगळाच कळप त्या तुऱ्याचा करू नका, सरळ तुऱ्याच्या कोंबड्या मध्ये राहू द्या.

मोजमाप करायचं असेल तर दिवाळीनंतर सुरू करा. एप्रिल-मेच्या उन्हात नराचं वीर्यही उतरतं आणि कोंबडीही अंड्यावरून जाते, मग कुणाचा आकडा कुणाच्या खात्यात लिहायचा कळत नाही. पायातली कडी विट्यात मिळतात. वहीचं पान कसं आखायचं ते अंडी टाकायला आलात की दाखवते, आणि त्या कोंबड्यांची अंडी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायचे जादा पैसे घेत नाही.